माझी विचारपूस

मित्रांनो, मी एका शिंप्याच्या दुकानातला जुना पुतळा आहे. मला डोके नाही, हात नाहीत. कापूस ठासून भरलेले धड आणि खाली एक लाकडी पाय, एवढाच मी. तरी एके काळी माझ्या अंगावरचा कोट बघायला माणसे काचेपाशी थबकत. पुढे तयार कपड्यांचे दिवस आले आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली.

त्या खोलीत शिंपीकाकांनी मोठ्या माणसांच्या इंग्रजीच्या वर्गाला संध्याकाळपुरती जागा दिली. शिकवणाऱ्या बाई तरुण, मेहनती. त्यांनी घरून पाठ बेतून आणला होता, ‘विमानतळावर’. दिवसभर राबून आलेली माणसे माना डोलवत, मग डुलक्या घेत. हळूहळू वर्ग रोडावला. दवाखान्यातली आयाबाई, बसचालकदादा आणि स्वतः काका एवढेच उरले. वर्ग बंद करावा, असे बाई म्हणू लागल्या.

तेव्हा आयाबाई म्हणाली, "बाई, विमानात मी कधी बसेन देव जाणे. पुढच्या महिन्यात माझी बढतीची मुलाखत आहे. पेशंटला कुठे दुखतंय, एवढं विचारता आलं तरी पुष्कळ."

विमानतळ बाजूला सारून बाईंनी मला खोलीच्या मधोमध ओढले. "हा तुमचा पेशंट. विचारा."

"व्हेअर... पेन?" आयाबाई चाचरली.

काका माझ्यामागे लपून विव्हळले, "माय हेड."

"अहो, हेड आहेच कुठे तुम्हाला?"

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मग बाईंनी फळ्यावर ‘व्हेअर डज इट हर्ट?’ हे वाक्य लिहिले आणि आयाबाईने ते मला पुन्हा पुन्हा विचारले. कोट घालून मी पुष्कळ मिरवलो होतो, पण माझी विचारपूस आयुष्यात प्रथमच होत होती.

त्यानंतर बाई आल्या आल्या विचारत, "आज कोणाचं काय अडलं?" आणि काका जसे अंगाप्रमाणे कापड बेततात, तसा त्या माणसाप्रमाणे पाठ बेतत. गेलेली माणसे परतली. सोबत एक रंगारी आणि दोन स्वयंपाकीही आले.

मुलाखतीच्या दिवशी आयाबाई गणवेशातच धावत आली.

"काय विचारलं गं त्यांनी?" बाई म्हणाल्या.

"विचारलं मीच. साहेबांना म्हटलं, व्हेअर डज इट हर्ट? तर म्हणाले, गुडघा. खरंच दुखत होता त्यांचा. झाली बाई बढती."

मित्रांनो, कोणाला काही शिकवायचे असेल, तर आधी त्याची नड विचारा. आणि माझ्या लाकडी पायाला तेवढी वाळवी लागू देऊ नका. उद्या बसचालकदादांना चुकीच्या बसमध्ये चढलेल्या प्रवाशाची समजूत घालायची आहे, आणि तो प्रवासी मी आहे.