तोमोनारीच्या पाठीची सीट

मी एक जुनी सीट आहे. मित्रांनो, सीट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर बसमधली खुर्ची आली असेल, तर ती आधी बाजूला सारा. मला पाय नाहीत, गादी नाही, आरामाशी माझा काडीचा संबंध नाही. मी एक काळं, टणक कवच आहे. जगातल्या सर्वांत वेगवान शर्यतींत धावलेल्या एका गाडीच्या पोटात माझी दोन वर्षं गेली. मी एकाच माणसाच्या मापाची आहे. त्याचं नाव तोमोनारी इवाकुरा. दुसरं कोणी माझ्यात बसलं तर ते एक तर अडकतं, नाही तर घरंगळतं. आणि माझा सगळा राग आहे तो याच माणसावर.

माझा जन्म इसेच्या खाडीजवळच्या एका कारखान्यात झाला. रिकाम्या गाडीत एक मोठी पिशवी अंथरली, तोमोनारीला तिच्यात बसवलं आणि दोन रसायनं एकत्र करून पिशवीत ओतली. ती फसफसली, फुगली आणि त्याच्या पाठीभोवती घट्ट होत गेली. शेजारी हामानाका-सान घड्याळ घेऊन उभे होते. ते संघातले सर्वांत जुने मेकॅनिक, म्हणून नावापुढे मानाचं 'सान'. बोलणं करवतीसारखं, पण हात सोन्याचे.

"हलायचं नाही. शिंक आली तरी गिळ," ते म्हणाले. "कुठे टोचतंय का?"

"नाही. ठीक आहे."

टोचत होतं! पिशवीला डाव्या खांद्यामागे एक चुणी पडली होती आणि ती त्याच्या हाडात रुतत होती. तोमोनारी एक शब्द बोलला असता तर हामानाका-सानांनी हसत हसत ती पिशवी फेकून दुसरी घेतली असती. तो बोलला नाही. हामानाका-सानांनी त्या चुणीचासुद्धा इमानेइतबारे साचा घेतला, त्यावरून माझं कवच घडवलं, आणि डाव्या खांद्यामागे एक उंचवटा घेऊन मी जगात आले. जन्माच्या आधीच माझ्याबद्दल खोटं बोललं गेलं होतं.

हे खोटं त्याने कुठून आणलं, ते मला पुढे कळलं. त्याचे वडील शिगेझो इवाकुरा तातामीवाले. घरोघरी जमीनभर बसवायच्या जाड गवती चटया शिवणं हा त्यांचा धंदा. तोमोनारी सात वर्षांचा असताना चटयांच्याच टेम्पोत त्याची इवलीशी शर्यतीची गाडी घालून ते त्याला गावोगावच्या मैदानांवर नेत. तिथे कधी दुसऱ्या कुणी गाडी नीट जुळवून दिली नाही आणि पोराने तोंड वाकडं केलं, की शिगेझो म्हणत, "ज्याचे हात काळे झालेत, त्याच्या कामाला नाव ठेवायचं नाही. वाकून आभार मानायचे." पोराने ते मनावर घेतलं. अंमळ जास्तच घेतलं.

पोरगा जिंकत गेला. देशातल्या स्पर्धा झाल्या, मग तीन वर्षं परक्या मुलुखात भाड्याच्या खोलीत स्वतःचा भात स्वतः शिजवून तो एकेक पायरी चढला आणि पंचविसाव्या वर्षी सगळ्यात वरच्या शर्यतीत पोचला. तिथे मी त्याला भेटले. पहिल्याच वर्षी भर पावसात, समोरचं काही दिसत नसताना, आम्ही सहावे आलो. त्या दिवशी त्याची पाठ माझ्यात कशी निवांत बसली होती म्हणून सांगू! त्याच्या गावच्या बाजारपेठेत त्याच्या नावाचा कापडी फलक लागला. शिगेझोंच्या दुकानात लोक चटई न घेता नुसतं अभिनंदन करायला यायचे. मीही फुगले होते. का फुगू नये? त्याच्यानंतर त्या यशाला सर्वांत जवळून चिकटलेली मीच होते.

दुसरं वर्ष मात्र वाईट गेलं. गाडी बरी नव्हती आणि ती कुठे बरी नाही हे तो सांगत नव्हता. वळणावर मागचा भाग सटकला की त्याची कंबर माझ्यावर आपटायची. ते मला कळायचं, त्याला कळायचं, आणि कानातल्या यंत्रावर संघाकडून विचारणा झाली की तो म्हणायचा, "ठीक आहे. चालेल." मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती.

अशात आमच्या देशातली शर्यत आली. संघाचे प्रमुख ओकिता-सान हे मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी तोमोनारीला बोलावून सांगितलं, "पहिल्या दहांत ये. पुढच्या वर्षाचा करार माझ्या खणात तयार आहे." म्हणजे सगळं या एका दिवसावर आलं होतं.

शर्यतीच्या सकाळी मागच्या डाव्या चाकापाशी तेलाचा थेंब दिसला. हामानाका-सानांनी परवानगी काढली आणि तिथला हादरे झेलणारा शॉकअप उतरवून नवा बसवायला घेतला. वेळ थोडा होता. त्यांचा भाताचा गोळा कागदात गुंडाळलेला तसाच टेबलावर पडून राहिला. शेवटचा बोल्ट आवळून ते उठले. मग रिवाजाप्रमाणे सगळे मेकॅनिक रांगेत उभे राहिले, तोमोनारी त्यांच्यासमोर, आणि दोन्हीकडून कमरेत वाकून नमस्कार झाला. तोमोनारीची नजर त्या न उघडलेल्या भाताच्या गोळ्यावर गेली. तिथेच घात झाला.

आम्ही नवव्या जागेवरून निघालो. नऊ फेऱ्या उत्तम गेल्या. दहाव्या फेरीत उजव्या वळणावर मागे डावीकडे 'ठक' असं झालं आणि गाडी त्या बाजूला बसली. पुढच्या वळणावर पुन्हा. त्याची डावी बाजू माझ्यावर आदळत होती, खांद्यामागचा तो उंचवटा हाडात घुसत होता.

"मागे पडतोयस. गाडी कशी आहे?" कानात आवाज आला.

"ठीक आहे."

"नक्की? काही बिघाड असेल तर आत ये. बिघाडाने थांबलास तर त्याचा ठपका तुझ्यावर येत नाही."

त्याची पाठ ताठ झाली. बोल, मी म्हणत होते, अरे बोल! एवढा स्पष्ट दरवाजा उघडून दिलाय.

"नाही, नाही. चालेल," तो म्हणाला.

आम्ही पंधरावे आलो.

गाडी आत आल्यावर हामानाका-सानांनी मागचं झाकण काढलं. मग हातात सकाळच्या शॉकअपचा एक बोल्ट घेऊन ते सगळ्यांच्या देखत तोमोनारीसमोर येऊन उभे राहिले.

"हा हाताने फिरत होता. तुला गाडीत कळलं नाही?"

"कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही सकाळपासून जेवला नव्हता, हामानाका-सान."

"मी उपाशी होतो म्हणून तू मरायला निघालास? चाक निखळलं असतं तर तुझ्या बापासमोर मी कोणतं तोंड घेऊन गेलो असतो? बोल्ट ढिला राहिला ही माझी चूक. तू सांगितलं असतंस तर मी चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि ती तिथेच संपली असती. आता ती माझ्या छातीवर जन्मभर बसणार. तू मला वाचवलं नाहीस रे, तू मला बुडवलंस."

एवढं बोलून ते कमरेत काटकोनात वाकले. तोमोनारी घाईने त्यांच्यापेक्षा खाली वाकला. समोरचा उठल्याशिवाय आपण उठायचं कसं, म्हणून दोघंही तसेच. संघातली माणसं जमिनीकडे बघत उभी. मला वाटलं, अरे, पुरे झालं ते वाकणं! सरळ उभे राहा आणि एकमेकांशी बोला.

हामानाका-सान स्वतः ओकिता-सानांकडे गेले आणि चूक आपली आहे असं सांगून आले. त्यांना वाटलं, पोरगा वाचेल. ओकिता-सानांनी ऐकून घेतलं, मग तोमोनारीला बोलावलं. "बोल्ट कुणाकडूनही राहतो," ते म्हणाले. "पण आत काय चाललंय ते मला फक्त तूच सांगू शकतोस. तूच गप्प राहिलास, तर मी विसंबू कुणावर?" खणातला करार खणातच राहिला.

निरोपाच्या दिवशी संघाने मला पुसून तोमोनारीच्या हवाली केलं. त्याच्याशिवाय मी कुणाच्या कामाची होते? त्याने दुसऱ्या संघांची काही दारं ठोठावून पाहिली, पण ती उघडली नाहीत. तेव्हापासून मी शिगेझोंच्या दुकानाच्या कोपऱ्यात आहे. पाच वर्षं झाली. पहिले काही महिने लोक माझ्यासोबत फोटो काढायचे. मग कुणीतरी माझ्यात ओली छत्री ठेवली, मग चटयांच्या काठपट्ट्यांची गुंडाळी ठेवली. मी ताशी तीनशे किलोमीटर धावलेय, आणि माझ्यात छत्री! असो. तोमोनारी आठवड्यातून तीन दिवस मुलांना गाडी शिकवतो आणि उरलेले दिवस वडिलांच्या हाताखाली काम करतो. दुकानही आताशा रिकामंच असतं.

गेल्या महिन्यात शिगेझोंच्या मनात काय आलं कोण जाणे. त्यांनी चार दिवस खपून माझ्यासाठी एक बुटका ओटा केला, वर नवी गवती चटई शिवली आणि मला तिच्यावर मांडलं. हिरव्या गवताच्या वासाने मला पहिल्यांदाच घरात आल्यासारखं वाटलं.

"बस," ते तोमोनारीला म्हणाले. "बघ कशी झालीय."

तो बसला. पाच वर्षांनी ती पाठ परत माझ्यात आली, जरा जड झालेली. आणि आम्ही दोघंही डावीकडे कललो. चटईचा काठ वाकडा शिवला होता, एक बाजू बोटभर खाली होती. त्याची पाठ ताठ झाली. हा ताठपणा माझ्या ओळखीचा होता. आता हा म्हणणार, 'ठीक आहे', मी मनात म्हटलं. म्हण बाबा, तुझं नशीब!

त्याने एकदा वडिलांच्या हातांकडे पाहिलं.

"बाबा, डावीकडे कलतंय."

शिगेझो खाली बसले. त्यांनी काठावरून अंगठा फिरवला. "किती?"

"बोटभर."

"हं. डोळे गेलेत माझे," ते म्हणाले. "तीन वर्षं झाली असतील. गिऱ्हाइकांनाही दिसत असणार मग. कुणी काही बोललं नाही. सगळे 'फार छान झालंय' म्हणून वाकून नमस्कार करून गेले, आणि परत फिरकले नाहीत. मला वाटायचं, लोकांना आता चटयाच नको झाल्यात." मग त्यांनी मान वर केली. "तू तर माझ्यासोबत बसवायला यायचास. तुला दिसलं नाही?"

"दिसायचं."

"मग बोलला का नाहीस?"

हाच प्रश्न त्याला दुसऱ्यांदा विचारला जात होता.

"तुमच्या हातांना नाव कसं ठेवू, बाबा?"

"हातांना नको ठेवूस रे, गाढवा. चटईला ठेव!" म्हातारा ओरडला. मग त्याचा आवाज एकदम उतरला. "उद्यापासून काठ तू बघायचा. वाकडा दिसला की तोंड उघडायचं. जमेल?"

"जमेल," तोमोनारी म्हणाला. आणि जरा थांबून, "आणखी एक. या सीटचं इथलं टोक टोचतं. डाव्या खांद्यामागे. पहिल्या दिवसापासून."

"पहिल्या दिवसापासून? मग इतकी वर्षं त्याची पूजा केलीस काय? ती कानस आण इकडे."

मित्रांनो, मोठ्यांच्या कष्टांचा मान राखा, त्यांच्यापुढे जरूर वाका. पण वाकून झालं की सरळ उभे राहा आणि जे बिघडलंय ते त्यांना सांगा. वस्तूंची काळजी घ्या असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी सांगते, वस्तू करणाऱ्यांची काळजी घ्या. त्यांना खोट्या कौतुकावर सोडून देऊ नका. एका 'ठीक आहे'ने तोमोनारीची शर्यत गेली, आणि अशाच बऱ्याच 'ठीक आहे'नी शिगेझोंची गिऱ्हाइकं.

आता तो उंचवटा राहिलेला नाही. बापलेकांनी मिळून तो कानशीने घासून काढला. घासताना मला दुखलं. चांगलंच दुखलं, मित्रांनो. सांगून टाकते.