निरोगी नमुना

रविवारी दुपारी मावशीने सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले आणि तिचा विश्वासच बसेना. भाचीच्या पेशी जिवंत होत्या. ते एक वेळ ठीक, तोच तर तिचा संशय होता. पण शेजारच्या काचेवर निरोगी माणसाच्या पेशी होत्या, त्याही ठणठणीत. आणि त्या मेलेल्या असायला हव्या होत्या.

निळा रंग फक्त मेलेल्या पेशीत शिरतो, जिवंत पेशी त्याला दारात उभं करत नाही. मावशीने काच इकडे सरकवली, तिकडे सरकवली, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कुठेतरी चुकार निळा ठिपका, बाकी सगळ्या गोल, स्वच्छ आणि खुशाल.

लॅबमध्ये तिला सगळे ‘बाई’ म्हणत आणि वचकून असत. आज मात्र त्या पांढऱ्या कोटात नुसती मावशीच बसली होती. तिच्या बहिणीची दुसरीतली पोरगी, अखंड बडबडीमुळे जिला घरात टिटवी म्हणत, ती हॉस्पिटलात पडून होती. गळ्यात गाठी, काखेत गाठी, पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजून पोट पुढे आलेलं. एक गाठ काढून तपासली तर ती कॅन्सरसारखी दिसली. उद्या सकाळी सलाइनमधून जहाल औषध सुरू व्हायचं होतं. ‘तोपर्यंत मला एक चाचणी करू द्या,’ असं म्हणून मावशी तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या हात धुवून मागे लागली होती.

चाचणी फॅसची होती. फॅस नावाचं एक जनुक असतं आणि त्याच्यापासून त्याच नावाचं प्रथिन बनतं. रक्तातल्या लढवय्या पेशींच्या अंगावर ते दाराच्या घंटीसारखं बसलेलं असतं. लढाई संपली की शरीर घंटी वाजवतं आणि पेशी निमूटपणे आवरून मरते. घंटीच बिघडली तर पेशी काम झालं तरी उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यांसारख्या ठाण मांडून बसतात आणि गाठी फुगत जातात. ते दिसतं कॅन्सरसारखं, पण कॅन्सर नसतो. मग ते जहाल औषध पोरीला कशाला?

म्हणून मावशीने टिटवीच्या पेशी वाढवल्या, घंटी वाजवणारं द्रव्य त्यांच्यावर घातलं आणि तुलनेला निरोगी रक्त घेतलं. निरोगी रक्त हवं असलं की ज्याचा प्रयोग त्यानेच बाही वर करायची, ही त्या लॅबची जुनी रीत. कुणाच्या विनवण्या नकोत. मावशीने आजवर दुसऱ्या प्रयोगांसाठी इतक्यांदा दंड पुढे केला होता की ह्या खेपेलाही दुसरा विचार तिच्या मनाला शिवला नाही.

आता दोन्हीकडच्या पेशी जिवंत, म्हणजे द्रव्याची बाटली बाद. मध्यंतरी फ्रीज बंद पडला होता, त्यातच ती गेली असणार. नवी बाटली यायला आठवडा तरी लागला असता. मावशीने कपाळाला हात लावला आणि बहिणीला फोन केला.

“ताई, चाचणी फसली गं.”

“फसली म्हणजे?”

“बाटलीच खराब निघाली. टिटवीच्या पेशी मेल्या नाहीत, पण माझ्याही मेल्या नाहीत. निरोगी माणसाच्याच मरत नाहीत म्हटल्यावर डॉक्टरीणबाईंना काय सांगणार?”

ताई जागरणाने आधीच चिडलेली होती. “तू कधीपासून निरोगी झालीस? लहानपणी तुझी मान ही एवढी सुजलेली असायची. शाळेत चिडवतात म्हणून आई तुला बंद गळ्याचे फ्रॉक शिवायची, आणि तेवढ्यासाठी सगळे लाड तुझेच! मोठी झालीस तशा जिरल्या त्या गाठी. विसरलीस?”

मावशी खरंच विसरली होती. फ्रॉक आठवत होते, टोचणारी कॉलर आठवत होती. कारण तेवढं डोक्यातून साफ गेलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेशी बघणारी बाई, आणि स्वतःच्या मानेचा पत्ता नाही!

“मी नंतर फोन करते,” म्हणून तिने फोन ठेवला. 

एक तर बाटली खराब होती, नाहीतर ती स्वतः. कोण, ते ठरवायचा एकच उपाय होता, आणि तो शेजारच्या टेबलावरच्या मिशीवाल्याच्या ताब्यात होता. हा गृहस्थ वर्षानुवर्षं लॅबमध्ये वाढवलेल्या रक्तपेशी पाळायचा. त्यांना खाऊपिऊ घालायला रविवारीही यायचा, त्यांच्याशी बोलायचा आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्या पेशींची घंटी मात्र पक्की होती. वाजली की काही तासांत मरायच्या.

“एक डबी द्या मला,” मावशी म्हणाली.

“माझ्या पोरी? मारायला?” मिशीवाला हादरलाच. मग तिचं तोंड बघून त्याने आवाज खाली आणला. “काय झालंय, बाई?”

तिने सांगितलं. तो मिशीवरून हात फिरवत राहिला.

“ह्या मेल्या नाहीत तर?”

“तर बाटली खराब. उद्या सकाळी पोरीला सुई लागणार.”

“आणि मेल्या तर?”

“तर बाटली चांगली. टिटवीची घंटी बिघडलीय, आणि…”

“आणि तुमचीही,” तो म्हणाला. त्याने डबी काढून दिली आणि मावशीने तीत बाटलीतलं द्रव्य घातलं.

मग नुसती वाट बघणं. ताईचे फोन वाजत राहिले, मावशीने ते उचलले नाहीत. तिची बोटं पुन्हा पुन्हा गळ्याकडे जायची. ह्या पेशी मराव्यात असं तिला जिवाच्या आकांताने वाटत होतं, आणि मरू नयेत असंही. स्वतःचीच लाज वाटून ती उठली आणि उगाचच धुतलेल्या बाटल्या परत धुवायला लागली.

ऊन खिडकीतून उतरलं तेव्हा तिने रंग घातला आणि काच लावली.

सगळं निळं होतं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत निळंच निळं.

“गेल्या,” मिशीवाला मागून हळूच म्हणाला. मावशीला धड हसूही फुटेना आणि धड रडूही. तिने तशीच डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

“उद्याचं औषध थांबवा.”

“तुमच्या भावना मी समजू शकते, पण…”

“भावना राहू द्या. निळे ठिपके बघायला या.”

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा उलटतपासणी केली, मग म्हणाल्या, “जनुकाची तपासणी होईपर्यंत थांबते. रक्त तुमचंही लागेल. आणि तुमच्या ताईंचंही.”

संध्याकाळी मावशी हॉस्पिटलात पोचली तेव्हा ताई पलंगाच्या कडेला बसली होती. मावशीने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. सुई टळली, बहुतेक कॅन्सर नाही, पण हा दोष जन्माचा आहे, आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागणार.

“म्हणजे माझ्यातूनच गेला तिच्यात,” ताई म्हणाली. “मला कधी गाठ आली नाही, म्हणून कळलंच नाही.”

“आपल्या घरातून गेला. तुझा काय गुन्हा?”

ताईला ते पटलं नाही. ती धाकट्या बहिणीच्या जवळ सरकली आणि लहानपणी आई चाचपायची तशी तिची मान दोन्ही हातांनी चाचपू लागली. कानाखाली, हनुवटीखाली, पुन्हा कानाखाली. मावशी जागची हलली नाही.

टिटवीला झोप लागलीय असं दोघींना वाटत होतं. तिने एक डोळा उघडला.

“मावशी, माझं आहे ते तुला पण आहे?”

“आहे.”

“लहानपणापासून?”

“हो.”

टिटवीने तिचे कानाजवळचे पांढरे केस, चष्मा, डोळ्यांशेजारच्या सुरकुत्या सगळं नीट निरखलं.

“मग तू एवढी म्हातारी कशी झालीस?”

ताईचे हात मानेवर होते तिथेच थांबले.

“अशीच, हळूहळू,” मावशी म्हणाली. “तूही होशील.”