फाळका

"वन लाइन, बाबा. कारण एका ओळीत लिहायचंय. यू आर नॉट रायटिंग अ थीसिस."

मिताली गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसली होती, लॅपटॉप मांडीवर. दत्तप्रसाद यूटच्या मागे ओलं फडकं घेऊन उभा होता. पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो तिसऱ्यांदा पुसत होता.

"कारण शेवटी. आधीचे रकाने भर."

प्रकार: यूट

क्रेगीबर्न या उपनगरातल्या मराठी घरांत या वाहनाला शब्द नव्हता. पुढून दोन दारांची चपटी, देखणी गाडी, मागे उघडा हौदा. टेम्पो म्हणावं तर आत सहा लिटरचं व्ही-एट इंजिन. स्पोर्ट्स कार म्हणावं तर मागे सहज एक फ्रिज मावायचा. "यूट घेतली" हे त्याच्या बायकोच्या, अंजूच्या, आईने पहिल्यांदा फोनवर ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "उंट?" नऊ वर्षं झाली, कान उत्तम आहेत, तरी त्या उंटच म्हणतात. "जावईबापू, उंट काय म्हणतोय?"

सीट्स: २

"इथेच संपतो विषय," अंजू म्हणाली. ती शिफ्टचे बूट चढवत दारात उभी होती. "आई चार तारखेला येतेय. माझी गाडी माझ्याबरोबर हॉस्पिटलला जाणार. आईला डॉक्टरकडे आणि मितालीला ट्यूशनला तू नेणार. कशात? आईला हौद्यात बसवून?"

"दोन फेऱ्या मारेन."

"आईचे गुडघे. ती सीट जमिनीला लागलेली. बसवशील, पण उठवशील कशी? क्रेनने?"

दत्तप्रसादने फडकं पिळलं. पाणी निघालं नाही.

पॉवर: चारशेहून अधिक हॉर्सपॉवर

"आणि मला पी-प्लेटवर ही चालवायला अलाउड पण नाही," मिताली टाइप करता करता म्हणाली. "इट्स लिटरली इल्लीगल फॉर मी."

तेही बरोबर होतं; नव्या लायसन्सवाल्यांना इकडे एवढ्या ताकदीची गाडी चालवता येत नाही. चारशे घोडे, आणि घरापासून फ्रीवेपर्यंत तीन शाळा, चाळीसच्या पाट्या, सात स्पीडब्रेकर. प्रत्येकावर गाडीचं पोट घासायचं. फ्रीवेवर एकशे दहाची मर्यादा. तिथे सहाव्या गिअरमध्ये इंजिन जांभई दिल्यासारखं चालायचं. पेट्रोल मात्र जांभईलाही लागायचं.

सगळ्यांचंच बरोबर होतं. हाच खरा ताप होता. भांडायला समोर कुणी चुकीचं तरी पाहिजे.

वापर: घरगुती ☐ धंद्यासाठी ☐

"कुठे टिक करू?"

दत्तप्रसादने वाकून दोन्ही चौकोन पाहिले. धंदा नव्हता. एका गोदामांच्या कंपनीत तो लोखंडी रॅकच्या तपासणीचे फॉर्म तपासायचा. न्यायला फक्त डबा आणि छत्री. पण हौदा कधी रिकामा राहिला नाही.

"दत्ता, रविवारी टेम्पो पाहिजे." शिरीष, मराठी मंडळाचा अध्यक्ष, फोन असाच सुरू करायचा. क्लेटनला शिकायला नव्या आलेल्या मुलींच्या गाद्या. कुणाचं वॉशिंग मशीन. मंडळाच्या खुर्च्या, पातेली, मखर.

"यूट आहे, शिरीष. परफॉर्मन्स यूट."

"हो रे. किती खुर्च्या मावतील परफॉर्मन्समध्ये?"

एकदा अंजू फोन ठेवताना म्हणाली होती, "तुला मित्र नाहीत दत्ता, गिऱ्हाइकं आहेत."

डेंट, ओरखडे:

"बाबा, मागच्या दारावर हे छोटे छोटे खड्डे कसले? गारांचे? हेल डॅमेज?"

"शिरीषची अंगठी."

मितालीने मान वर केली.

सामान भरून झालं की शिरीष हौद्याचं मागचं दार दोन्ही हातांनी उचलून आपटायचा, तिकडे पुण्यात टेम्पोचा फाळका आपटतात तसं. मग त्यावर तळहाताने दोन थापा आणि ड्रायव्हरला ओरडून, "जाऊ दे!" पोवळ्याच्या अंगठीचा हात. एकटा शिरीषच कशाला, सगळेच तसं करायचे. गाद्यावाल्या मुलीसुद्धा. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. फाळका दिसला की हात आपोआप उठायचा.

दत्तप्रसाद प्रत्येक वेळी धावत मागे यायचा. "आपटू नका हो. दोन बोटांनी ढकला. ते आपलं आपण लागतं."

"टेम्पोला काय होतंय," शिरीष म्हणायचा.

टेम्पोला काही व्हायचं नाही. पण हे दार लावणारी कडी दत्तप्रसादने केली होती.

गाडी जिथे तयार झाली त्या कारखान्यात तो अकरा वर्षं डिझाइन इंजिनिअर होता. अख्खी गाडी कुणा एकाची नसते. कुणाच्या वाट्याला आरसा येतो, कुणाच्या वाट्याला वायपर. त्याच्या वाट्याला ही कडी आली होती. दोन वर्षं तो त्या हातभर लोखंडापाशी बसला होता. दार कितीही हळू ढकललं तरी पूर्ण लागलं पाहिजे, खडखडलं नाही पाहिजे, चाळीस हजार वेळा उघडझाप केल्यावरही नाही. चाचणीत ती चाळीस हजारांच्या पुढे गेली. मग कारखाना बंद झाला. इकडे गाड्या बनवणंच थांबलं. शेवटच्या तुकडीतली ही एक त्याने घेतली.

अंजूला हे माहीत होतं. शिरीषला तो कधी बोलला नव्हता. कडीबद्दल काय बोलणार?

विकण्याचे कारण:

"मी 'फॅमिली इज ग्रोइंग' टाकते."

"एक्कावन्नाव्या वर्षी?"

"आजी इज कमिंग ना. टेक्निकली ग्रोइंग."

"काढ ते."

"मग?"

त्याने सांगितलं, लिही: दोन सीटची असल्यामुळे. मग म्हणाला, नको, ते वर आलंच आहे. मग: वापर होत नसल्यामुळे. खोटं. जास्त वापर झाल्यामुळे. तेही खोटं. मितालीने श्वास सोडला, रकाना कोरा ठेवला आणि जाहिरात टाकून दिली.

*

पुढच्या शनिवारी दुपारी जाहिरात वाचून डीन आला. पस्तिशीचा, प्लास्टरिंगचं काम करणारा, कोपरापर्यंत पांढरे ठिपके. दत्तप्रसादने त्याचे हात पाहिले आणि त्याला आशा वाटली, याला ही चालायची नाही.

"प्लास्टरबोर्ड यात मावणार नाहीत हां," तो इंग्रजीत म्हणाला. "हौदा छोटा आहे. वजनही फार झेपत नाही. बुटकी आहे, साइटवर पोट घासेल."

"कामाला माझी दुसरी डिझेल यूट आहे, मेट," डीन म्हणाला. "ही फक्त रविवारची. हिच्यात मी काहीही टाकणार नाही."

ज्याला रोज ओझी न्यायची तो हिला रिकामी ठेवणार होता. ज्याच्याकडे डबा आणि छत्री होती त्याने नऊ वर्षं गाद्या वाहिल्या.

टेस्ट ड्राइव्हला तो शेजारच्या सीटवर बसला. त्या सीटवर तो कधीच बसला नव्हता. फ्रीवेच्या चढणीवर डीनने तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि गाडीतून एक आवाज आला, खालून, पाठीच्या मणक्यातून वर चढत गेलेला. दत्तप्रसादने दाराची मूठ धरली. मागे गाद्या नसताना ही असं बोलते, हे त्याच्या लक्षातून गेलं होतं. एकशे दहाला डीनने पाय सोडला आणि हसला. दत्तप्रसाद बाहेरच्या कुंपणाकडे बघत राहिला.

परत आल्यावर कागद झाले, सह्या झाल्या. डीन गाडीभोवती शेवटचा एक फेरा मारून मागे आला. मागचं दार उघडून त्याने हौदा पाहिला. मग ते आपटायला हात उचलला.

"थांब," दत्तप्रसाद म्हणाला.

त्याने दोन बोटं लावून दार ढकललं. ते हळू वर गेलं. शेवटच्या इंचात जरा थांबल्यासारखं झालं, मग कडीने ते आत ओढून घेतलं. क्लिक.

"नाइस," डीन म्हणाला. "माझी आधीची यूटही हेच मॉडेल. तिचं बाकी सगळं गेलं होतं. ही कडी मात्र जात नाही कधी. कुणीतरी मन लावून केलीय."

अंजू दारात उभी होती. ती मराठीत म्हणाली, "सांग ना त्याला."

"काय?"

"तुला माहितीये काय."

डीन दोघांकडे आळीपाळीने बघत होता. दत्तप्रसादने त्याच्या हातात दुसरी किल्ली ठेवली. "सर्व्हिसचं पुस्तक डाव्या कप्प्यात आहे."

"चीअर्स, मेट."

डीन आत बसला. इंजिन सुरू झालं. शेजारच्या घरातला कुत्रा, नेहमीसारखा, एकदा भुंकला. गाडी उतारावरून मागे आली, वळली आणि तिची पाठ दत्तप्रसादपुढे येऊन क्षणभर थांबली. डीन गिअर शोधत होता.

दत्तप्रसादचा हात उठला. तळहाताच्या दोन थापा, फाळक्यावर, चांगल्या जोरात.

"जाऊ दे," तो म्हणाला.

डीनला शब्द कळला नसावा, पण तो गेला. कोपऱ्यावर लाल दिवे लागले, विझले.

दत्तप्रसादने तळहात पाहिला. धूळ लागली नव्हती. सकाळपासून चार वेळा पुसली होती.