रानजायफळाचा कप्पा

मित्रांनो, शैलाबाई गेल्याचं शाळेत कळलं तो सोमवार होता. संध्याकाळी सातवीतल्या आरोही आणि स्पृहा करी रोडच्या चाळीत बाईंच्या घरी आल्या. मी कॉटखाली होते. दोघींना माझ्यातल्या बियांबद्दल विचारायचं होतं. पण अशा दिवशी कसं विचारणार? चहा न घेताच त्या गेल्या.

मी एक जुनी सागाची पेटी आहे. पूर्वी गिरणीत माझ्यात सुताच्या बॉबिन, म्हणजे रिळं ठेवत. गिरणी बंद पडली तेव्हा शैलाबाईंच्या वडिलांनी मला घरी आणलं. बाई परळच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांनी माझे चार कप्पे केले, चार तऱ्हेच्या जंगलांसाठी. पानझडी जंगलाच्या कप्प्यात साग, ऐन, पळस. काटेरीच्या कप्प्यात बाभूळ, बोर. खारफुटीच्या कप्प्यात शिवडीच्या चिखलातली कांदळाची लांब शेंग. तिला झाडावरच कोंब येतो. सदाहरित, म्हणजे बारा महिने हिरव्या रानाचा कप्पा मात्र बहुधा रिकामाच असे. त्या रानात कायम ओल असते. तिथल्या पुष्कळ बिया सुकल्या की मरतात.

"माणसांना एक खोली आणि बियांना चार," बाईंचे मिस्टर आनंदाकाका म्हणायचे.

"त्या भांडत नाहीत," बाई म्हणायच्या.

यंदा जुलैत बाईंनी माहेरच्या देवराईतून एकोणीस रानजायफळं आणली. ही झाडं आता फार थोड्या जागी उरली आहेत. गावाने एकच अट घातली होती: रोपं करून परत आणून लावायची. बाईंनी बिया ओल्या काथ्यात गुंडाळून त्या रिकाम्या कप्प्यात ठेवल्या. पिशव्यांत माती भरायच्या आधीच त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं.

बाई गेल्यावर दहा दिवसांनी काकांनी मला उघडलं. ओला काथ्या बघून त्यांना वाटलं, सगळं कुजणार. बाई तांदूळ वाळवायच्या, तशा त्यांनी सगळ्या बिया पेपरवर पसरल्या आणि आठ दिवस पंख्याखाली ठेवल्या. रोज हाताने उलटसुलट करायचे. मग कडुलिंबाचा पाला घालून मला शाळेत घेऊन आले.

"काका, पापड केलेत की यांचे," आरोही म्हणाली. तिने एक रानजायफळ कानाशी धरून हलवलं. आतला गर सुटून वाजत होता. तिने दुसरं उचलून हलवलं. तेही वाजलं.

"काय झालं गं?"

"काका, ही ओल्या रानातली. यांना सुकवायचं नसतं. बाईंनी सांगितलं होतं."

"मला नाही सांगितलं," काका म्हणाले.

मुलींनी तरीही सगळ्या बिया पेरल्या. दोन महिने पाणी घातलं. साग आणि बोर उगवले. रानजायफळ एकही उगवलं नाही.

मित्रांनो, काकांनी हयगय केली नव्हती. त्यांनी काळजीच घेतली, पण सागाची घ्यावी तशी रानजायफळाची घेतली. जंगल राखायचं असेल तर ते कोणतं आहे हे आधी विचारा. आणि विचारायचं ते वेळेवर विचारा.

पुढच्या जुलैत गावी जाऊन पुन्हा बिया मागेन, असं काका म्हणतात. अजून त्यांनी गावाला काही कळवलेलं नाही. देवराईत एकही रोप परत गेलेलं नाही.