वाकडं कापायची विद्या

अण्णांनी बेचाळीस वर्षं सुतारकाम केलं आणि तेवढ्या काळात एकाही गिऱ्हाइकानं त्यांना ‘वा’ म्हटलं नाही. दार चपखल बसलं की लोक ते उघडून आत जात. नाही बसलं की निरोप येई. कौतुक म्हणायचं तर एका वकीलबाईंनी एकदा कपाटाकडे बघून म्हटलं होतं, “बरं, मापात आहे.” त्यावर अण्णा आठवडाभर खुशीत होते.

पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि अण्णा घरी बसले. बसले म्हणजे काय, दिवसभर घरातल्या खुर्च्या उलट्या करून पाय तपासत राहिले. शेवटी सूनबाईनं हात टेकले. “अण्णा, जेवणाचं टेबल रोज आडवं करू नका हो! वाचनालयाच्या मागे लाकूडकामाचं मंडळ आहे, दर रविवारी सकाळी भरतं. तुमचाच प्रांत. मी अर्ज भरून टाकलाय.” व्यवसायाच्या रकान्यात तिनं ‘निवृत्त’ लिहिलं होतं. त्याहून जास्त लिहायला तिथे जागाच नव्हती.

मंडळ पत्र्याच्या एका लांबलचक शेडमध्ये भरायचं. भिंतीवर टांगलेली हत्यारं पाहून अण्णांच्या तोंडाला पाणीच सुटलं. एकेक पटाशी अशी, की उभ्या जन्मात हाती लागली नसती. आणि धारेला अजून लाकडाचा वासही लागलेला नाही. सभासद म्हणजे दहा-बारा निवृत्त साहेबलोक. अध्यक्ष होते दातांचे डॉक्टर. नवा माणूस आला की ते नियम वाचून दाखवत.

“नियम पाचवा. हे हौशी मंडळ आहे. धंदेवाईक सुतारांना सभासदत्व नाही.” डॉक्टर चष्म्यावरून हसले. “ते आले तर आपली मजाच जायची!”

सगळे हसले. अण्णाही हसले, करतात काय?

“तुम्ही काय करत होता, अण्णा?”

“लोकांच्या घरी जाऊन... काम.”

“विमा का?”

“तसंच काहीसं.”

“वा! म्हणजे हात अगदी कोरे!” डॉक्टरांनी त्यांच्या हातात करवत दिली आणि मुठीवर अंगठा नीट बसवला. “घाबरायचं नाही हं. लाकूड चावत नाही.”

अण्णांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. त्यांना हे काम बापानं शिकवलं होतं, तेही रंध्याच्या मुठीनं पाठ शेकत. घाबरू नकोस असं कोणी म्हणाल्याचं त्यांना आठवेना. खरं सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण तोवर हात चालू लागला होता. फळी सुतासारखी सरळ कापली गेली.

“पहिल्याच खेपेला!” डॉक्टर ओरडले. “अहो, इकडे या सगळे! वा, अण्णा, वा!”

अण्णांचे कान लाल झाले. उघडलेलं तोंड त्यांनी मिटून घेतलं.

घरी जाताना मात्र त्यांना घोर लागला. पुढच्या रविवारीही असंच सरळ कापलं तर बिंग फुटणार. म्हणजे वाकडं कापायला हवं. हे वाटलं तितकं सोपं निघालं नाही. हात ऐकेचना. अण्णा गॅलरीत बसून जुन्या फळ्यांवर सराव करू लागले. वाकडं कापणं अंगवळणी पडायला तीन आठवडे गेले.

सूनबाई काळजीत पडली. “अण्णा, हात थरथरतोय का? डॉक्टरांकडे जायचं?”

“डॉक्टरांकडेच जातोय ना दर रविवारी,” अण्णा म्हणाले.

मग त्यांनी बेतानं सुधारायला घेतलं. एका रविवारी फट जरा कमी, पुढच्या रविवारी कोपरा जरा बरा. दर वेळी डॉक्टर पाठीवर थाप मारत आणि अण्णा ती घरी घेऊन येत. आठ महिने असे सुखात गेले.

मंडळाचं प्रदर्शन जवळ आलं. डॉक्टरांनी दोन वर्षं खपून एक आरामखुर्ची केली होती. त्यांच्या नव्वदीच्या आई त्या खुर्चीवर बसून प्रदर्शनाचं उद्घाटन करणार होत्या. भुसा झाडायचं काम सर्वांत नव्या सभासदाकडे असे, म्हणून शेडची किल्ली अण्णांकडे होती. आदल्या दिवशी दुपारी झाडता झाडता त्यांचा हात खुर्चीला लागला. मागचा पाय किंचित कुरकुरला. अण्णांनी कान लावला, पाय हलवून पाहिला. सांधा पोकळ होता. म्हातारी टेकली असती तर थेट जमिनीवर.

सांगावं तर ‘तुम्हाला कसं कळलं?’ असं विचारणार. न सांगावं तर म्हातारीच्या हाडांचं काय? अण्णांनी दार लोटून घेतलं, खुर्ची उलटी केली, पाय अलगद सोडवला, पाचर तासली. बेचाळीस वर्षांचा हात आठ महिने दाबून ठेवला होता. तो आता असा सुटला, की दार उघडल्याचंही त्यांना कळलं नाही.

डॉक्टर खुर्चीवर शेवटचा हात फिरवायला आले होते. दारातूनच त्यांनी अण्णांचा चाललेला हात पाहिला.

“अण्णा,” ते म्हणाले, “तुम्ही विम्यात नव्हता.”

“नाही.” अण्णांनी हातातली लाकडी मोगरी खाली ठेवली. “सुतार होतो.”

“आणि मी तुम्हाला करवत धरायला शिकवली!” डॉक्टरांचा चेहरा पार उतरला. “माझी चेष्टा चालली होती?”

“देवाशपथ नाही. तुम्ही माझ्या बापापेक्षा चांगलं शिकवलंत. ‘वा’ ऐकायला येत होतो, साहेब. धंद्यात असताना कोणी म्हटलं नाही.”

डॉक्टर स्टुलावर बसले. त्यांनी हळूच विचारलं, “खुर्ची कशी झालीय? खरं सांगा.”

“मागचा पाय निसटला असता. आसन डावीकडे उतरतंय.” अण्णा थांबले. मग त्यांनी खुर्चीच्या हाताच्या दांडीवरून बोटं फिरवली. “पण ही गोलाई मला जमली नसती.”

“मन राखायला म्हणताय.”

“मन राखायचं असतं तर आसनाचं कशाला बोललो असतो?”

डॉक्टर लहान पोरासारखे हसले. मग खुर्चीचा पाय धरून बसले आणि अण्णांनी पाचर ठोकली. “नियम पाचवा,” डॉक्टर पुटपुटले, “तुम्हाला काढावं लागेल. पण बक्षिसाच्या ढालीवर तुमचं नाव आधीच कोरून आलंय.”

दुसऱ्या दिवशी म्हातारी खुर्चीवर बसली ती उठायचं नाव घेईना. ढाल मिळाली ती ‘सर्वांत होतकरू नवोदित’ म्हणून. “लाकडाला कधी हात न लावलेला हा माणूस!” असं पाहुणे म्हणून आलेले न्यायाधीशसाहेब भाषणात म्हणाले, तेव्हा सूनबाईनं चमकून सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे छताचे पत्रे मोजत होते.

आता अण्णा रविवारी तासभर आधी जातात. शेडचं दार आतून बंद असतं आणि डॉक्टर सांधे जुळवायला शिकत असतात. बाहेर ताटकळणारे सभासद एकमेकांना सांगतात, “अध्यक्षांची चिकाटी बघा. अण्णांना अजून सरळ रेघ जमत नाही, तर बिचारे जादा शिकवणी घेतात.”