फोनवर भुलायचं नाही

अभ्यासक्रम मीच आखला होता, तेव्हा कुणाच्या नावानं खडे फोडणार?

आमचं कोल्ड स्टोरेज. नव्यानं मॅनेजर झालेल्या चौघांना तयार करायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात घातलं. त्या चौघांत माझी भाची, बारकी. बहीण गेल्यापासून माझ्याकडेच वाढलेली. मोठ्यांचा शब्द कधी मोडला नाही पोरीनं, आणि ते वळण मीच लावलेलं.

साहेबांचा एकच हट्ट. मागे कुणीतरी त्यांच्या आवाजात फोन करून अख्खा ट्रक पळवला होता. "फोनवर भुलायचं नाही, हे हाडात मुरलं पाहिजे. चांगलं घाबरवा त्यांना!"

मग काय, घाबरवलं. बारकीला रडक्या आवाजात फोन केला, "घरी ये, आजोबा पडलेत." पोरगी तिच्या ताब्यातला मालाचा हॉल तसाच उघडा टाकून धावत सुटली. गेटवर मी उभी! बाकीचे तिघं पोट धरून हसले. बारकी हसली नाही. "पुन्हा नाही फसणार, मावशी," एवढंच म्हणाली. मला वाटलं, चला, शिकली एकदाची.

दोन दिवसांनी दुपारी मी वरच्या खोलीत फळा पुसत होते. खिडकीतून सहज खाली बघते तर मशीनच्या खोलीतून पांढरा धूर येतोय. धूर कसला, थंडाव्याच्या मशीनमधला विषारी अमोनिया! वास नाकात शिरला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्या खोलीला लागूनच बारकीचा हॉल, आत ती आणि सहा हमाल. धोक्याचा भोंगा नेमका दुरुस्तीला काढलेला. फोन लावला.

"बारके, सगळ्यांना घेऊन बाहेर पड! गॅस सुटलाय!"

"इथं तर काही वास नाही," ती शांतपणे म्हणाली.

"अगं, मधलं दार बंद आहे म्हणून! पुढच्या दारानं नीघ!"

"फोनवरून सांगितलं म्हणून हॉल सोडायचा नाही. तूच शिकवलंस."

"मेले, हे खरं आहे!"

"आजोबाही खरेच पडले होते ना?" आणि हसली हो! "पण आज आवाज मस्त काढलायस. अगदी कापतोय."

मी तिच्या आईची शपथ घातली. ती हळूच म्हणाली, "परीक्षेसाठी आईला मध्ये आणू नकोस, मावशी." फोन बंद. पुन्हा लावला, पुन्हा लावला. उचलेचना.

जिना कसा उतरले ते माझं मला ठाऊक नाही. रखवालदाराला ओरडून बाहेरच्या खटक्यावरून मशीन बंद करायला पिटाळलं. हातातलं फळ्याचं फडकं तसंच नाकाला लावलं आणि हॉलचं जड दार खांद्यानं ढकललं.

आत वास पोचला होता. एक हमाल खोकून खोकून वाकला होता, आणि माझ्याकडे पाठ करून उभी असलेली बारकी त्याला सांगत होती, "काही नाही हो, माझी परीक्षा चाललीय. वासही त्यातलाच. पेट्या उचला."

दाराच्या आवाजानं ती वळली. तिनं माझं तोंड पाहिलं. गळ्यातली शिट्टी वाजवली, एकेका हमालाला ढकलत बाहेर काढलं, आणि शेवटी मी तिला दंडाला धरून ओढलं.

रस्त्यापलीकडे, वाऱ्याच्या उलट बाजूला, सगळे खोकत बसलो. सगळे होते. मी तीनतीनदा मोजले. बारकीचे डोळे लालबुंद.

"मावशी," ती म्हणाली, "मी पास की नापास?"

मी तिला कवटाळून हंबरडाच फोडला. तिनं मला रडू दिलं. मग माझी हनुवटी वर केली आणि डोळे बारीक करून बघत राहिली, मी खरंच रडतेय का ते.