उद्घाटनापुरतं अडवलेलं पाणी

नाल्याकाठच्या उकिरड्याची बाग करण्यात सुप्रीताची दोन वर्षं गेली होती. आज उद्घाटन. पाहुण्यांना घाण दिसायला नको, म्हणून तिच्या साहेबांनी नाल्यात उतरणाऱ्या पायऱ्यांच्या वरच्या अंगाचं, पाणी अडवणारं लोखंडी दार तिच्याकडूनच बंद करून घेतलं. "तासाभराचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले होते.

भाषणं मात्र संपेनात. तेवढ्यात नाल्याच्या वरच्या अंगाच्या वस्तीतून अनुसूयाक्कांचा फोन आला. बागेच्या जागेची मोजणी चालली होती त्या दिवसांत त्यांनीच तिला रोज चहा पाजला होता.

"पाणी उंबऱ्याला लागलंय गं."

"थोडा दम धरा, अक्का," ती म्हणाली, आणि तिची तिलाच लाज वाटली.

तिनं व्यासपीठाजवळ जाऊन साहेबांना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. नाही.

थोड्या वेळानं तिनं अक्कांना फोन लावला. कुणी उचलेना. मग मात्र तिचं डोकं फिरलं.

"पायऱ्यांवरून वर व्हा सगळे!" असं ओरडत तिनं दाराचं चाक फिरवलं. काळं पाणी रिकाम्या झालेल्या पायऱ्यांवरच्या फुलांच्या रांगोळीवरून धडाडत उतरलं.

"कुणी उघडलं?" साहेब गरजले.

"मी."

फोन वाजला. "उतरतंय गं पाणी," अक्का धापा टाकत म्हणाल्या. "पण खाली पायऱ्यांवर कुणी नव्हतं ना?"